तिसऱ्यांदा विचारणारा

अट्रॅक्टा कीव्हनीला एका माणसापुरता स्ट्यू करता येत नव्हता. प्रयत्न केला नव्हता असं नाही. ऑक्टोबरात तिचा नवरा जार्लथ गेला, त्यानंतर तिने धाकटं पातेलं काढलं, मेंढीच्या मानेचे दोनच तुकडे घेतले, एक कांदा घेतला, चार बटाटे घेतले, आणि जे काही झालं ते कुत्र्याला घातलं. स्ट्यू म्हणजे काय चहा आहे, कपभर करायला? तो बिडाच्या मोठ्या भांड्यातच व्हायचा. तळाशी पिठूळ बटाट्यांच्या चकत्या, त्या विरघळून रस दाट करतात. त्यावर हाडासकट मटण, कांद्याची रास, मीठ, पांढरी मिरी, थाइमच्या दोन सुवासिक काड्या, बेताचं पाणी. सगळ्यात वर न विरघळणारे बटाटे, अख्खेच. मग झाकण लावायचं आणि मंद आचेवर विसरून जायचं. मटण आधी परतायचं नाही. गाजर घालायचं नाही. परतलेला, गाजरवाला स्ट्यू ट्युअमच्या हॉटेलात मिळतो. ज्याला हवा त्याने तिकडे जावं.

खरं तर अट्रॅक्टाच्या माहेरी, रॉसकॉमनला, गाजर घालत. लग्न होऊन ती इथे आली तेव्हा पहिल्या शनिवारी तिने ते हौसेने घातलंही होतं. जार्लथने मान खाली घालून सगळं संपवलं. त्याच्या धाकट्या भावाने, कोलमनने, गाजराचा एकेक तुकडा ताटाच्या कडेला लावून ठेवला. कोणी चकार शब्द काढला नाही. त्या घरात मनातलं बोलून दाखवायची रीतच नव्हती. ताटाच्या कडेला काय उरलं ते बघायचं आणि समजून घ्यायचं. अट्रॅक्टाने समजून घेतलं.

कोलमन बिनलग्नाचा. रस्त्यापलीकडे, चढावरच्या जुन्या घरात तो आणि त्याच्या मेंढ्या. दर शनिवारी दुपारी तो खाली यायचा, आणि जेवायला म्हणून कधीच यायचा नाही. पाना परत द्यायला यायचा, पेपर मागायला यायचा, आभाळाबद्दल काहीतरी सांगायला यायचा. दारात टोपी काढून उभा राहायचा आणि भांड्याकडे सोडून सगळीकडे बघायचा.

"थोडं घेणार का, कोलमन?" अट्रॅक्टा शेगडीपाशी पाठमोरीच विचारायची.

"नको वहिनी, आत्ताच जेवून आलो."

जेवून कसला येतोय! पोटात कावळे ओरडत असायचे.

"घे रे थोडंसं," जार्लथ म्हणायचा.

"नको, खरंच नको."

मग जार्लथ पायानेच खुर्ची सरकवायचा. "बस आता गप. किती आढेवेढे घेशील?" आणि कोलमन, केवळ भावाचा शब्द मोडवत नाही म्हणून, बसायचा आणि दोन ताटं हाणायचा.

त्या भागात पहिल्या हाकेला कोणी हो म्हणत नाही. म्हणालंच कोणी, तर ते लहान मूल तरी असतं नाहीतर परगावचं. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, ती सभ्यता झाली. तिसऱ्यांदा विचारलं की मग माणसाला बसता येतं. कीव्हनींच्या घरात पहिलं विचारणं अट्रॅक्टाचं आणि पुढची दोन जार्लथची. असं काही कोणी ठरवलेलं नव्हतं. इतकी वर्षं चाललं होतं, इतकंच.

जार्लथला पुरल्यानंतरच्या शनिवारीही कोलमन आला. अट्रॅक्टाचं डोकं बधिर झालेलं, हात आपोआप चालत होते.

"थोडं घेणार का, कोलमन?"

"नको वहिनी, आत्ताच जेवून आलो."

आणि मग कोणीच काही बोललं नाही. जिथे जार्लथचा आवाज यायचा तिथे काही नव्हतंच. अट्रॅक्टाच्या तोंडून शब्द निघाला, "बरं."

कोलमन जरा वेळ तसाच उभा राहिला. मग त्याने टोपी घातली आणि निघून गेला. ती खिडकीतून त्याची पाठ बघत राहिली. हाक मारावीशी वाटत होती, पण काय म्हणून मारायची? सगळ्या संसारात तिने कोणाला दुसऱ्यांदा विचारलेलं नव्हतं. ते कोणत्या सुरात विचारतात, हेच तिला ठाऊक नव्हतं.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. रस्त्यात दिसला की हात वर करायचा, आणि तेवढंच. नाताळही तसाच गेला. अट्रॅक्टाला आधी वाईट वाटलं आणि मग राग आला. म्हणजे हा इतकी वर्षं येत होता तो भावासाठी. भाऊ गेला, संपलं. वहिनीच्या हातचं काय, कोणीही रांधलं असतं तरी त्याने खाल्लंच असतं! नको तर नको, असं ती भांडी घासताना मोठ्याने म्हणायची. घरात ऐकायला कुत्रा होता.

मार्चमध्ये मेंढ्या व्यायला लागल्या आणि एक दिवस दुकानवाल्या डेलियाने तिला गल्ल्यापाशी थांबवलं. डेलियाला गावातल्या प्रत्येकाच्या पिशवीत काय असतं ते माहीत.

"तुझ्या दिराचं काय चाललंय गं? ब्रेड आणि चहापत्ती, दुसरं काही नेत नाही. पँट सुतळीने बांधलीय. काल भिंतीला टेकून खाली बसला होता. म्हटलं, बरं वाटत नाही का? म्हणतो कसा, हवा खातोय."

अट्रॅक्टा पाकिटातली नाणी मोजत राहिली.

"हवाच खातोय तो, दुसरं काय खाणार?" डेलिया म्हणाली. "असाच राहिला तर कोकरं बाहेर पडायच्या आत हा आडवा होईल."

अट्रॅक्टाने मानेचं मटण घेतलं आणि ती घरी आली. कोलमन तिच्या डोळ्यांदेखत म्हातारा झाला होता. ती रागात बघत होती, म्हणून तिला ते दिसलं नव्हतं. रात्रभर ती त्याच विचारात होती. एक माणूस या घरातून गेला होता, त्याला काही इलाज नव्हता. दुसरा चालला होता रस्त्यापलीकडे, आणि तो केवळ एका 'बरं'वरून.

शनिवारी तिने स्ट्यू केला. भांडं टॉवेलात गुंडाळून बागेतल्या हातगाडीत ठेवलं आणि चढ चढली. गाडी धडधडत होती, झाकण खडखडत होतं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याने बघितलं असतं तर वर्षभर पुरेल एवढी करमणूक झाली असती.

कोलमन स्वयंपाकघरात होता. शेगडीजवळ खोक्यात एक अशक्त कोकरू होतं आणि टेबलावर ब्रेडचा कडक तुकडा. गालफडं पार बसली होती. तो गडबडीने उठला.

"वहिनी! अगं, कशाला एवढा त्रास?"

"स्ट्यू आणलाय."

"मी आत्ताच जेवलो बघ."

झालं. ती भांड्यापाशी उभी. दुसऱ्यांदा विचारायचं वाक्य काही जुळेना. कोलमनलाही कसंतरी झालं असावं, कारण त्याने किटली उचलली.

"चहा घेशील?"

"नको, आत्ताच घेऊन आले," अट्रॅक्टा म्हणून गेली. सकाळपासून तिच्या तोंडात पाण्याचा थेंब नव्हता.

"बरं," कोलमन म्हणाला.

आणि किटली हातात घेऊन तो तसाच उभा राहिला. ठेवावी की ओतावी ते त्याला कळेना. त्याच्या घरी कधी कोणी पाहुणा आला नव्हता. आग्रह करायचा कसा, हे त्यालाही कोणी शिकवलं नव्हतं. त्याचं तोंड जरासं उघडलं आणि मिटलं. अट्रॅक्टा ते बघत होती. त्या शनिवारी शेगडीपाशी तिचं तोंड असंच झालं असणार, आणि या गड्याला फक्त पाठ दिसली होती.

"कोलमन," ती म्हणाली, "मला चहा हवाय."

त्या गावात असं कोणी म्हणत नाही. कोलमनने किटली खाली ठेवली.

"मग नको कशाला म्हणालीस?"

"तू कशाला म्हणालास?"

तो खुर्चीत बसला. "जेवलेलो नाही मी," तो म्हणाला.

"दिसतंय."

"त्या शनिवारीही जेवलो नव्हतो."

"माहीत होतं मला."

"मग?"

"पुढचं विचारायचं काम जार्लथचं होतं रे. मला ते येत नाही." तिने भांड्यावरचा टॉवेल सोडवला. "मला वाटलं, तू त्याच्यासाठीच यायचास."

"आणि मला वाटलं, मी त्याचाच पाहुणा होतो. तू 'बरं' म्हणालीस. म्हटलं, आता वहिनीला कशाला आपला भार?"

अट्रॅक्टाने कपाटातून ताट काढलं, भरलं आणि त्याच्यापुढे सारलं. कोलमन हळूहळू खात होता, सवय मोडलेल्या माणसासारखा. त्याने हाडं चोखून कोरडी केली. तिने काळाकुट्ट चहा घेतला, दोन कप. जार्लथबद्दल दोघं थोडं बोलली, मेंढ्यांबद्दल जास्त. निघताना 'पुढच्या शनिवारी येशील ना' हे तिच्या जिभेवर आलं होतं. पण विचारलं असतं तर तो नको म्हणाला असता, सवयीनेच. ती भांडं तिथेच ठेवून रिकामी हातगाडी घेऊन खाली आली.

आठवडाभर तिला घोर लागला होता. विचारायला हवं होतं का? शुक्रवारी मटण आणलं. शनिवारी तेच मोठं भांडं हवं होतं, ते वर राहिलेलं. म्हणून तिने सूप करायचं जुनं पातेलं काढलं आणि त्यात स्ट्यू चढवला. एक वाजून गेला. रस्त्यावर कोणी नव्हतं. दीड झाला. तिने एकाच माणसाचं ताट काढलं, परत ठेवलं, परत काढलं.

मग फाटक वाजलं. कोलमन दारात आला, घासूनपुसून लख्ख केलेलं बिडाचं भांडं पोटाशी धरून.

"भांडं द्यायला आलो होतो," तो म्हणाला. टोपी काढली. भिंतीकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. 'नको वहिनी, आत्ताच जेवून आलो' हे त्याच्या ओठावर तयार होतं. ते ती लांबूनही वाचू शकत होती.

तिने विचारलंच नाही. दोन ताटं वाढली आणि टेबलावर ठेवली.

"हात धुऊन ये," ती म्हणाली. "गार होतंय."

कोलमन जरा घुटमळला. मग त्याने भांडं खाली ठेवलं आणि हात धुवायला गेला.