बोलकीने बदललेला शब्द

सगळं गाव तिला बोलकी म्हणायचं. त्यातली गंमत अशी, की त्या सतरा घरांत तिच्याइतकी अबोल बाई दुसरी नव्हती. पण गावातलं एकुलतं एक वायरलेसचं यंत्र तिच्या ताब्यात होतं आणि त्यावर ती रोज सकाळी सात वाजता बोलायची, म्हणून ती बोलकी.

गाव नदीच्या अगदी वरच्या अंगाला, दाट जंगलात होतं. वर्षातले दहा महिने पाऊस. घरं खांबांवर उभी, कपडे कधी पुरते वाळायचे नाहीत. रस्ता नव्हताच, जायचं-यायचं ते होडीने. शिरगणतीचा माणूस खालच्या वळणावरच्या वस्तीपर्यंत यायचा आणि वरची माणसं अंदाजाने लिहून परत जायचा. वल्ही मारत शहर गाठायला उताराला दीड दिवस लागायचा, परतीला तीन.

दवाखाना म्हणजे पत्र्याची एक खोली. एक बाक, एक टेबल आणि औषधांचं कपाट. त्याचं दार ओलीने इतकं फुगलं होतं की गुडघा लावल्याशिवाय उघडायचं नाही. बोलकीचा नवरा तिथला आरोग्यसेवक होता. नऊ वर्षांपूर्वी पुरात वाहत आलेला ओंडका त्याच्या होडीवर आदळला आणि तो गेला. त्याच्या जागी कुणी आलंच नाही. यंत्र कसं चालवायचं ते तिने बघून बघून शिकून घेतलं होतं. छपरावरच्या सौर पाटीवर चढलेलं शेवाळ खरवडायचं, बॅटरी पुसायची आणि सात वाजता बटण दाबायचं.

पलीकडचा, शहरातल्या आरोग्य कचेरीतला माणूस तिने कधी पाहिला नव्हता. तो गावाला ‘शेवटचं ठाणं’ म्हणायचा, कारण त्याच्या यादीत गावाला नावच नव्हतं.

“शेवटचं ठाणं, बोला बाई.”

“ताप दोन. जुलाब नाही. पाणी चढतंय.”

“ठीक.” मग तो खोकायचा. त्याची तब्येत कशी आहे, हे तिला त्या खोकल्यावरून कळायचं.

शेजारच्या घरात तिचा धाकटा दीर राहायचा. मासे धरायचा, डोकं जरा तापट. त्याची बायको मात्र हसरी. दोघी जावा सुपारी कातरत बसल्या की ती दोघींच्या वाट्याचं एकटीच बोलून घ्यायची, आणि बोलकीला ते बरं वाटायचं.

त्यांच्या सहा वर्षांच्या थोरल्या मुलीला ताप आला तेव्हा कपाटातल्या गोळ्या संपून महिना झाला होता. रात्र उलटून पहाटे पोरीला झटके आले. सात वाजता बोलकीने कळवलं. पलीकडून उत्तर आलं, “आमच्या होडीच्या इंजिनाचं काम चाललंय, बाई. झालं की होडी निघेल. दुपारपर्यंत निघेल बहुतेक.”

ती बाहेर आली. दिराने आपली होडी सोडायची तयारी केली होती. पोर आईच्या मांडीवर गुंडाळलेली. मागे नदी फुगून अख्खी झाडं ओढून नेत होती.

“काय म्हणाले?” जावेने विचारलं.

“होडी निघाली,” बोलकी म्हणाली.

का म्हणाली, ते तिला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. दुपारी निघणार म्हणजे निघाल्यासारखीच, असं वाटलं असेल. किंवा त्या पाण्याचीच भीती वाटली असेल. ते पाणी तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. किंवा जावेच्या चेहऱ्याकडे बघून ‘बहुतेक’ हा शब्द तिच्या तोंडातून बाहेर पडला नाही, एवढंच.

“नक्की ना, वहिनी? नाहीतर मी निघतो,” दीर म्हणाला.

“निघाली म्हणतेय ना. एवढ्या पाण्यात पोरीला कुठं घालता? इंजिनाची होडी आहे, उद्यापर्यंत पोचतील ते.”

दुसऱ्या सकाळी यंत्रावर कळलं, की इंजिन अजून खोललेलंच आहे. ती बाहेर आली आणि म्हणाली, “वाटेत असतील. पाण्यामुळे वेळ लागत असेल.” पहिला शब्द सावरायला दुसरा लागला. दिराने तेव्हाही वल्हं हातात घेतलं होतं. ते त्याने खाली ठेवलं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी पोर गेली.

होडी आली ती सहाव्या दिवशी, गोळ्यांची खोकी आणि एक तरुण डॉक्टर घेऊन. गाव त्यांच्या अंगावर धावून गेलं. बोलकीला कुणी अवाक्षर बोललं नाही. उलट जाऊ तिच्या गळ्यात पडून रडली. “तू तरी किती वेळा सांगायचंस गं त्यांना,” म्हणाली. बोलकीला ते शब्द मारल्यासारखे लागले. त्या रात्रीपासून तिला जेवण जाईना.

महिन्याभराने पाणी ओसरलं आणि दीर म्हणाला, “त्या खोटारड्याला तोंडावर विचारायचंय. तुम्ही चला, वहिनी. आवाज तुम्हीच ओळखाल.”

नाही म्हणायला तिच्याकडे कारण नव्हतं.

कचेरीतली ती खोली माडीवरच्या व्हरांड्याच्या टोकाला होती. भिंतीवर नदीचा मोठा नकाशा. त्यांचं गाव जिथे असायला हवं तिथे नुसता हिरवा रंग होता आणि त्यात कुणीतरी पेन्सिलीने टिंब काढलं होतं. टेबलामागे किडकिडीत, म्हातारपणाकडे झुकलेला माणूस. उकाड्यातही अंगात स्वेटर. तो खोकला आणि बोलकीने मान खाली घातली.

दिराने त्याला नाही नाही ते ऐकवलं. “होडी निघाली म्हणून सांगितलंत. तुमच्या भरवशावर आम्ही थांबलो. माझी पोर गेली.”

त्या माणसाने वही पुढे ओढली. पानं उलटत त्या तारखेपाशी आला, बोट ठेवून वाचलं. मग वर बघितलं ते दिराकडे नाही, बोलकीकडे.

“तुम्ही शेवटचं ठाणं ना, बाई?”

“हो.”

त्याने वही मिटली. “माझंच चुकलं असेल,” तो दिराला म्हणाला. “अशी वीस ठाणी आहेत. सगळ्यांशी बोलताना म्हणालो असेन निघाली.”

समोरचा माणूस वाद घालील अशी तयारी करून दीर आला होता. शेवटी तो जिना उतरून गेला. बोलकी दोन पावलं मागे राहिली. “जा, बाई,” तो माणूस एवढंच म्हणाला.

परतीच्या दुसऱ्या दिवशी, नदी अरुंद होते तिथे, तिने दिराला सगळं सांगितलं. त्याचं वल्हं हवेतच थांबलं. होडी प्रवाहाबरोबर मागे जात आडवी झाली.

“आता कशाला सांगितलंत?”

“त्या माणसाने माझं पाप स्वतःच्या डोक्यावर घेतलं.”

त्याने होडी सरळ केली. “तिला मी सांगणार नाही,” तो म्हणाला. “तुम्ही सांगा.”

तिने सांगितलं. जाऊ पायरीवर बसून वेत सोलत होती. ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “दुसऱ्या दिवशीसुद्धा माहीत होतं तुला?”

“हो.”

जावेने वेत गोळा केले, आत गेली आणि दार लावून घेतलं.

मग बोलकीने गावालाही सांगितलं. तेव्हापासून सात वाजता ती माणसांना खोलीत बसवून घेऊ लागली. ज्याचं त्याने आपल्या कानाने ऐकावं. बाक भरायचा. काही जण ऐकून तिच्याकडे न बघताच निघून जायचे. जाऊ कधी आली नाही. दीर समोर आला की मान हलवायचा, तेवढंच.

चौदा महिने असे गेले. मग एका सकाळी, सात वाजायला अवकाश असताना, जाऊ दवाखान्याच्या पायरीशी येऊन उभी राहिली. कडेवर धाकटी मुलगी, अंग तापाने फणफणलेलं.

“यंत्र लावू का?” बोलकीने विचारलं.

“नको. आम्ही निघतोय. कपाटातल्या गोळ्या घे आणि तू चल. वाटेत बघायला कुणीतरी हवं.”

नदी त्याही दिवशी भरलेली होती. दीड दिवस दोघं नवरा-बायको वल्ही मारत होती आणि पोर बोलकीच्या मांडीवर. ओलं फडकं फिरवत, ठरल्या वेळी गोळी देत, ताप किती चढला-उतरला ते ती मोठ्याने सांगत राहिली. चढला तेव्हा चढला म्हणाली. जाऊ पाठमोरी बसून ऐकत होती.

शहरात चौथ्या दिवशी ताप उतरला. अकराव्या दिवशी सगळी परत आली. काठाला लागल्यावर जावेने पोर तिच्या हातातून घेतली आणि चढण चढून घराकडे निघून गेली. बोलकी होडी बांधायला मागे थांबली.