बंड्याची खाज आणि माझी सतरा पत्रकं

तुम्ही कधी स्वतःच्या आईवर पाळत ठेवली आहे का?

मी ठेवली आहे. सलग नऊ दिवस, स्वयंपाकघराच्या दाराआडून, हातात वही घेऊन. (नोंद क्रमांक चार : 'आईने कणीक मळली. इकडेतिकडे पाहिले. संशयास्पद.' ती मीठ शोधत होती, हे नंतर कळलं.) आणि हे सगळं कशासाठी? तर आमच्या कुत्र्यासाठी.

मी त्याचं नाव 'बंड' ठेवलं होतं. आईनं दोन दिवसांत त्याचा बंड्या केला. आमच्या घरात क्रांतीचं नेहमी असंच होतं. पप्पा बदनापूरला शाळेत शिक्षक. जयंती असो, मोर्चा असो की व्याख्यानमाला, पत्रकं आमच्या ओट्यावर लिहिली जायची आणि ती भिंतींना लावायची कणकेची खळ आमच्याच गॅसवर शिजायची. पोळी लाटायच्या कितीतरी आधी मला खळ शिजवता येऊ लागली. (पोळी अजूनही येत नाही. तो माझा पुरुषसत्तेविरुद्धचा लढा आहे, असं मी सांगते. आई वेगळं कारण सांगते.)

तर गेल्या वर्षी या बंड्याला खाज सुटली. साधीसुधी नाही! जेवता जेवता खाजवायचा, भुंकता भुंकता खाजवायचा. एकदा कुरिअरवाल्याच्या अंगावर धावून गेला आणि अर्ध्या वाटेत बसून कान खाजवू लागला. कुरिअरवाला बिचारा पळायचं सोडून थांबला. म्हणाला, "होऊ द्या त्याचं."

आमच्या शेजारी बळीकाका राहतात. त्यांचं मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे. ते म्हणाले, "पोरी, इंजिनचं जळकं ऑइल लाव त्याला. एका दिवसात खाज बंद! आमचे आजोबा हेच करायचे."

"तुमच्या आजोबांच्या काळात मोटरसायकल होती का, काका?"

"न्हाई. पण कुत्रा होता ना!"

यावर मी फाटकात उभी राहून वैज्ञानिक दृष्टिकोन या विषयावर वीस मिनिटं बोलले. भाषण चांगलं झालं असावं, कारण ते संपेपर्यंत पप्पांनी मागच्या दारानं जाऊन, गॅरेजमधून डबा आणून, बंड्याला डोक्यापासून शेपटापर्यंत ऑइल फासलं होतं! बंड्यानं ते दोरीवर वाळणाऱ्या पप्पांच्या पांढऱ्या शर्टांना पुसलं. उरलेलं सोफ्याला. खाज मात्र जिथल्या तिथं.

मग आई बोलली. आई क्वचित बोलते, पण बोलली की ठराव मंजूर होतो.

"दीड महिन्यानं ताई येऊन राह्यली बाळंतपणाला. तवर ह्याची खाज गेली तर ठीक. न्हाई तर तुझ्या मामाला सांगते, टेंभुर्णीला शेतावर नेऊन बांधंल."

मामाच्या शेतावर तीन दांडगे कुत्रे आहेत आणि चौथ्यासाठी साखळी. आणि हा आमचा बंड्या तर माझ्या पायावर डोकं टेकल्याशिवाय झोपत नाही!

दुसऱ्या दिवशी त्याला जालन्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. पुढं एक म्हैस, मागं दोन शेळ्या. खिडकीतला माणूस मान वर न करता विचारत होता.

"जनावर?"

"कुत्रा."

"दूध?"

"देत नाही."

"पितो का, विचारून राह्यलो."

डॉक्टर मात्र फार बारकाईनं पाहणारे निघाले. केस उलटेपालटे करून पिसवा पाहिल्या, गोचीड पाहिले, कातडी खरवडून काचेवर घेतली. म्हणाले, "पिसवा न्हाईत, खरूज न्हाई. खाण्याची अ‍ॅलर्जी वाटते. रोज काय खातो?"

"पोळी."

"मग आजपासून पोळी, पाव, बिस्किट, दूध, सगळं बंद. आठ आठवडे फक्त भात आणि उकडलेलं अंडं. महिनाभरात फरक दिसायला लागंल. पण ध्यानात ठेवा, गव्हाचा एक घास जरी गेला, तर पहिल्यापासून मोजायचं! आणि हे ऑइल कोणी लावलं? चाटलं तर विष हाय ते."

पप्पा भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचू लागले.

आता खरी अडचण ही की बंड्याला सगळी गल्ली खाऊ घालायची. गल्लीला कसं सांगायचं? घरोघर जाऊन तोंडानं सांगता आलं असतं. एकूण घरं अकरा. पण मी पत्रकांवर वाढलेली मुलगी! मी लाल शाईनं लिहिलं : 'जाहीर इशारा!!! बंड्याला पोळी देणे हा त्याच्यावर अन्याय आहे!' आणि चार ठिकाणी लावलं.

आठवडा गेला. खाज कमी नाही. आणि दोन पत्रकं फाटलेली! नुसती फाटलेली नाहीत, ओरबाडलेली.

"हा विचारांवरचा हल्ला आहे!" मी म्हणाले.

"वारा असंल," पप्पा म्हणाले.

"वारा फक्त खालची पत्रकं फाडतो का, पप्पा? वरची दोन शाबूत आहेत!"

यावरून मी निष्कर्ष काढला, की हे काम बुटक्या माणसाचं आहे. बळीकाका पाच फूट. आई पाच फुटांना दोन बोटं कमी. दोघंही संशयित! मी वही उघडली ती तेव्हा.

सोबत लढाही तीव्र केला. चाराची सोळा पत्रकं केली. सगळ्यात जास्त खाऊ लहान मुलं घालतात, म्हणून सगळी पत्रकं मुलांच्या उंचीवर, म्हणजे गुडघ्याच्या जरा वर लावली. आणि कोणाला उपटता येऊ नयेत म्हणून खळ दुप्पट घट्ट केली, वर चिकटपणासाठी गूळ. बंड्या प्रत्येक फेरीला शेपूट हलवत सोबत यायचा. एवढा निष्ठावान कार्यकर्ता मला आयुष्यात मिळाला नव्हता!

तरी खाज वाढतच होती. मी घरात झडती सुरू केली. तिसऱ्या दिवशी पप्पांच्या कुर्त्याच्या खिशात क्रीमचं बिस्किट सापडलं.

"पप्पा! तुम्ही? त्या मुक्या जिवाला?"

"त्याच्यासाठी न्हाई गं," पप्पा कुजबुजले. "माझ्यासाठी हाय. हळू बोल."

पण मी अन्यायाविरुद्ध हळू बोलायला शिकलेलीच नाही. आईनं ऐकलं. पप्पांना साखरेचा आजार आहे. पुढचे दोन दिवस घरात बंड्याच्या खाजेचा विषय निघाला नाही, कारण दुसऱ्या विषयाला जागा पुरत नव्हती. पप्पा माझ्याशी बोलेनात. आणि त्या गडबडीत आईला माझी वही सापडली.

"'इकडेतिकडे पाहिले'?" आई एकेक ओळ वाचत होती. "'संशयास्पद'? मी? काहून गं, मी काय चोर हाय का माझ्या घरात?"

"आई, तत्त्वाचा प्रश्न आहे."

"असं का? मंग ऐक. आजपासून ह्या घरात गव्हाची पोळी होणार न्हाई. ज्वारीची भाकर खा आन् तत्त्व खा!"

आणि खरंच, घरातून गहू हद्दपार झाला. (खळीसाठीची कणीक मी आधीच वेगळ्या डब्यात काढून ठेवली होती. ते लढ्याचं साहित्य. ते अन्नात धरत नाहीत.) पोळी बंद, बिस्किट बंद, तरी बंड्याच्या पाठीवरचे केस गेले! म्हणजे हिशेब सरळ होता. घर निर्दोष. उरला एकच बुटका माणूस.

ताई यायची तो रविवार उजाडला. मामा पिकअप घेऊन सकाळीच येऊन बसले होते, सोबत साखळी. रिक्षातून ताई पोट सांभाळत उतरली, तिला बघायला निम्मी गल्ली बाहेर आली. एवढी गर्दी पाहून मला राहवेना. मी कालच तयार केलेलं पत्रक क्रमांक सतरा काढलं, बळीकाकांच्या गॅरेजच्या शटरवर खाली थापलं आणि लोकांकडं तोंड करून उभी राहिले.

"मित्रहो! या गल्लीत अशी एक व्यक्ती आहे, जी एका निष्पाप जिवाला रोज चोरून गहू खाऊ घालते!"

सगळे चिडीचूप. माझं भाषण लोकांनी इतक्या शांतपणे कधीच ऐकलं नव्हतं. मी आवाज चढवला.

"त्या व्यक्तीला मी विचारते, तुला लाज नाही वाटत?"

"पोरी," बळीकाका म्हणाले.

"मध्ये बोलू नका, काका! त्या व्यक्तीमुळं आज बंड्याला घर सोडावं लागतंय..."

"अगं पोरी, जरा मागं वळून पाह्य!"

मी वळले. बंड्या शटरला नाक लावून, डोळे मिटून, अगदी तल्लीन होऊन पत्रक चाटत होता. एक कोपरा सुटला. त्यानं तो दातात धरून ओढला. 'जाहीर' गेलं. 'इशारा' गेला. मागची खळ चाटूनपुसून झाल्यावर त्यानं कागद थुंकला आणि बसून कचाकचा खाजवू लागला.

"खळ कशाची हाय?" बळीकाकांनी शांतपणे विचारलं.

पप्पा बोलले. कितीतरी दिवसांनी बोलले, आणि वर्गात सांगावं तसं स्पष्ट बोलले : "गव्हाची. गूळ घालून."

ताई पोट धरून रिक्षाला टेकली. "आई, हिला आवर गं! हसून हसून मी इथंच बाळंत व्हायची!"

मामा साखळी हातात घेऊन गोंधळून उभे. "मंग बाई, कुत्रा न्यायचा का न्हाई?"

"कुत्रा राहू दे, दादा," आई म्हणाली. "त्याची काही चूक न्हाई. हिला घेऊन जा."

मामांनी मला नेलं नाही. पण उरलेली पत्रकं मला गरम पाणी आणि घासणी घेऊन एकेक करून खरवडावी लागली. अकराही घरी जाऊन तोंडानं सांगावं लागलं. (एकूण वेळ : अर्धा तास.) बळीकाकांची माफी मागितली, तर ते म्हणाले, "चालतं गं, पण मी पाच फूट दोन इंच हाय, तेवढं वहीत दुरुस्त कर." आईला मी म्हणाले, "लेखी माफी देऊ का?" ती दचकून म्हणाली, "नको माय! लेखी काहीच नको!"

आठ आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजले. तिसऱ्या आठवड्यात खाजवणं उतरलं, दुसऱ्या महिन्यात पाठीवर केस आले. डॉक्टरांच्या सांगण्यावरून एकदा पोळीचा तुकडा देऊन पाहिला, तर दोन दिवसांत स्वारी पुन्हा खाजवायला हजर! म्हणजे गहूच. ताईच्या बाळाच्या पाळण्याखाली तो आता ऐटीत झोपतो.

तर वाचकहो, एक विनंती आहे. तुमचा कुत्रा सारखा खाजवत असेल तर ऑइल लावू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. त्यांनी पथ्य सांगितलं, की एक कागद घ्या आणि त्याच्या तोंडात दिवसभर काय काय जातं आणि ते कोणामुळं जातं, हे लिहून काढा. कोणामुळं, त्या रकान्यात पहिलं नाव स्वतःचं घाला. आणि शेजाऱ्याच्या दारात भाषण करायला निघण्याआधी ती पहिली ओळ एकदा मोठ्यानं वाचा.