कासा बघा!

संग्रहालयाच्या त्या दालनात खुर्चीवर बसायचं आणि चित्राला कुणी हात लावायला गेलं की "अहं!" म्हणायचं, एवढीच बाईंची नोकरी. एकोणीस वर्षं! सगळे त्यांना खुर्चीबाईच म्हणत. समोर दीडशे वर्षांपूर्वीचं भलंमोठं चित्र. तीन झाडं, खाली ओढ्यात पाणी पिणाऱ्या गाई, कोपऱ्यात फाटकाशी कपाळावर हात धरून उभी एक बाई, आणि सगळीकडे सोनेरी ऊन. लग्न होईपर्यंत बापाच्या गोठ्यात धारा काढलेल्या खुर्चीबाईंना ते चित्र म्हणजे माहेरच होतं हो!

दर शनिवारी चित्रांचे जाणकार साहेब लोकांना घेऊन येत. "दिवस संपतोय. लांब सावल्या आपली नजर फाटकाकडे नेतात. तिथे ती गाईंची वाट बघतेय. किती निवांत संध्याकाळ!"

एका शनिवारी बाईंना राहवेना.

"संध्याकाळ कसली, साहेब? कासा बघा. रिकाम्या आहेत, धारा काढून झाल्यात. सांजेला घरी येणाऱ्या गाईची कास तटतटलेली असते. ही सकाळ आहे! ती वाट बघत नाहीये, गाई सोडून नुकती उभी राहिलीय. सगळा दिवस पडलाय तिच्यापुढे."

लोक हसले आणि साहेबांना मिरच्या झोंबल्या.

सोमवारी फर्मान आलं. चुकले म्हणून लिहून द्या, नाहीतर खाली पिशव्या सांभाळायला जा.

"आई, दे ना लिहून. तुझं काय जातंय?" लेक म्हणाली.

"नाही दिलं तर माझ्या गाई जातील, कळतंय! पण खोटं लिहून कुठल्या तोंडानं बसू त्यांच्यासमोर?"

गेल्या खाली. पहिल्या दिवशी रडल्याही, उगाच कशाला लपवू? दुसऱ्या दिवशी डोळे पुसले आणि पिशवी ठेवणाऱ्या प्रत्येकाला बिल्ल्याबरोबर सांगू लागल्या, "वर गाईंच्या कासा बघा हं. जरा वाकावं लागेल."

महिनाभरानं साहेब 'निवांत संध्याकाळ' म्हणाले, तेव्हा अख्खा घोळका गुडघ्यांवर हात ठेवून वाकला होता. साहेब तणतणत खाली आले.

"काय चालवलंय, बाई? वीस वर्षं बघतोय मी ते चित्र!"

"उभ्यानं बघताय." बाईंनी त्यांनी ठेवायला दिलेली छत्री काढून समोर ठेवली. "मी बसून बघितलंय. खुर्ची अजून तिथेच आहे, साहेब. बसा एकदा."

साहेब छत्री तिथेच ठेवून पुन्हा जिना चढू लागले.