हात जड झाला का बा?

भाऊ गेल्याचं मला वणीच्या बसस्टँडवर कळलं. यवतमाळच्या गाडीचा कंडक्टर आमच्याच जुन्या बास्केटबॉल संघातला. खाली उतरून म्हणाला, "भाऊ गेले बा... काल सकाळी." त्याला दीड महिना झाला. लिहायचा धीर आज होतोय.

भाऊ म्हणजे वसंतराव, यवतमाळच्या कोर्टातले कारकून. कचेरी सुटली की सायकल थेट मैदानात, आम्हा पोरांना बास्केटबॉल शिकवायला. छप्पन साली मी दारव्ह्याकडच्या तांड्यावरून शिकायला आलो. उंची भरपूर, डोकं तापट. पहिल्या दिवशी त्यांनी मला बॉल दिलाच नाही, झारी दिली. मुरमाच्या मैदानावर आधी पाणी शिंपडायचं, फक्कीच्या रेघा ओढायच्या, मग खेळ. "मी कायले शिंपडू? मी खेळाले आलो," मी म्हटलं. "धूळ कोणाच्या डोळ्यात जाईन? तुह्याच ना?" एवढं बोलून दुसरी झारी त्यांनी स्वतः उचलली.

शिट्टी वाजली की धक्का ज्याचा त्यानं हात वर करायचा, हा खेळाचा नियमच. भाऊंकडे तो शिट्टी न वाजताही लागू. हात वर करायला उशीर केला की म्हणायचे, "हात जड झाला का बा?" हे इतकं अंगवळणी पडलं, की वर्गात खडू कोणी फेकला म्हणून गुरुजींनी विचारलं, तर फेकलेला नसतानाही माझा हात वर जायचा आणि छडी खायचो.

तीन वर्षांनी पुसदच्या संघाशी अंतिम सामना झाला. त्यातूनच एकाची नागपूरच्या संघात निवड व्हायची होती, आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं. माझे चार फाउल झालेले, पाचव्याला बाहेर. शेवटी त्यांच्या गड्याला अडवायला मी आणि भाऊंचा मुलगा मधू, दोघंही उडालो. कोपर मधूचं लागलं. शिट्टी वाजली, पंच दोघांकडे बघायला लागला... आणि सवयीनं माझाच हात वर गेला. मधूचा खालीच राहिला. मी बाहेर बसलो, सामना हातचा गेला, नागपूरसाठी मधूचं नाव लागलं. भाऊंनी सगळं पाहिलं होतं, तरी ते बोलले नाहीत.

आठवडाभर मी मैदानाकडे फिरकलो नाही. तांड्यावर परतायला पेटी भरत होतो, तर भाऊ खोलीच्या दारात. "चाल, पाणी शिंपडाचं आहे." मैदानात सगळी पोरं जमलेली. भाऊ मधोमध गेले आणि त्यांनी हात वर केला. "हा फाउल माहा. धक्का मधूचा होता, मले दिसलं होतं. बाप हाव म्हणून गप्प राह्यलो." निवड बदलायची वेळ निघून गेली होती. भाऊंवरचा माझा राग तिथंच उतरला. मधूवरचा मात्र नाही. तो पुढे नागपुरातच नोकरीला लागला, आणि आमचं बोलणं बंद ते बंदच.

मी आता वणीच्या शाळेत खेळ शिकवतो. झारी, फक्की, हात... सगळं भाऊंचंच.

तेरवीला गेलो तेव्हा मधू पंगतीत वाढत होता. माझ्यासमोर आला, भांडं खाली ठेवलं आणि सगळ्यांदेखत उजवा हात वर केला. "लय जड झालता बा," म्हणाला. मला रडू आवरेना. हे पाहायला भाऊ हवे होते.

संध्याकाळी भाऊंच्या अंगणातली झारी घेऊन मी मैदानाकडे निघालो. दुसरी मधूनं उचलली.