बाबाच्या ट्रकचा कन्व्हर्टर

कोलशेतच्या एका गॅरेजमध्ये मी स्कॅनरचं काम करते. डॅशबोर्डवर पिवळा चेकलाइट लागला की गाडी माझ्याकडे येते. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मालकांनी हाक मारली, "अगं, हा सीएनजीचा ट्रक बघ जरा. दोनदा सेन्सर बदललाय म्हणे, लाइट काही जात नाही."

मी हात पुसत बाहेर आले, तर ट्रकपुढे बाबा उभा.

माझा बाबा. सात वर्षं मी त्याला पाहिलं नव्हतं.

डोंबिवलीत आमच्या दोन खोल्या होत्या आणि खाली रस्त्यावर बाबाचा ट्रक. फरश्या, दरवाजे, मिळेल ते भाडं तो मारायचा. रविवारी ट्रक धुवायला मी सोबत असायचे. इंजिन चालू करून तो विचारायचा, "सांग, कुठला आवाज वेगळा येतोय?" दहावीनंतर मला आयटीआयला घालायचं त्यानेच ठरवलं. काका म्हणाले, मुलीला गॅरेजमध्ये कोण ठेवणार? बाबा म्हणाला, "ती ठेवेल लोकांना."

पहिल्या नोकरीत मला नवरा भेटला. तो बौद्ध, आम्ही कोकणातले मराठा. घरी सांगितलं त्या दिवशी बाबा ओरडलासुद्धा नाही. माझी बॅग उंबऱ्याबाहेर ठेवली, "इथे तुझं आता कोणी नाही," म्हणाला आणि दार लावून घेतलं. त्यानंतर फक्त आईचा फोन, तोही बाबा भाड्यावर गेला की, चोरून.

त्या सकाळी मला बघून तो एक पाऊल मागे सरकला. मालकांना म्हणाला, "दुसरं कोणी नाही का?"

"सेन्सरचं हीच बघते, काका. काळजी नका करू."

बाबाने खिशातून किल्ली काढली. मग ती माझ्यापुढे धरून म्हणाला, "बघा मॅडम, काय होतंय ते."

बघा. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला अहोजाहो केलं. मी तर त्याला जन्मापासून 'अरे बाबा' म्हणत आलेले. पण माझ्याही तोंडून निघालं, "तुम्ही जरा इंजिन चालू करा."

मागून सडक्या अंड्यासारखा वास आला. मी स्कॅनर लावला. सायलेन्सरच्या आधी एक डबा असतो, कन्व्हर्टर. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि इंजिनातला विषारी धूर तिच्यातून निवळून बाहेर पडतो. डब्याच्या पुढे एक ऑक्सिजन सेन्सर, मागे एक. डबा चांगला असला तर स्क्रीनवर पुढच्या सेन्सरची रेघ सारखी वरखाली होते आणि मागच्याची जवळपास सरळ राहते. बाबाच्या ट्रकच्या दोन्ही रेघा सारख्याच नाचत होत्या. आधीच्या गॅरेजवाल्याने कोड वाचून दोन्ही वेळा मागचा सेन्सर बदलला होता. सेन्सरला काहीच झालं नव्हतं. गेला होता तो डबा. मी खाली वाकून त्यावर रबरी हातोडी मारली, तर आत काहीतरी खुळखुळलं.

पण डबा आपोआप जात नाही. कशामुळे गेला ते कळल्याशिवाय नवा बसवला तर तोही जाणार. त्यासाठी गाडी चालवून बघावी लागते. मी म्हटलं, "एक चक्कर मारायला लागेल. चालवणार का तुम्ही?"

तो चालवायला बसला. मी शेजारी, मांडीवर स्कॅनर. घोडबंदर रोडला लागेपर्यंत आम्ही दोघंही समोर बघत होतो.

"सकाळी गार असताना मिसिंग करते का?" मी विचारलं.

"थरथरते थोडी."

"कधीपासून?"

"पावसाळ्याच्या आधीपासून."

"तेव्हा चेकलाइट लुकलुकायचा का?"

"हो. मग आपोआप थांबला."

"लुकलुकला की गाडी थांबवायची असते. एका सिलिंडरमधला गॅस न जळता तसाच डब्यात जातो. आत आग होते, जाळी वितळते."

"सांगणारं कोणी नव्हतं," बाबा म्हणाला.

मी स्कॅनरवरचे आकडे वाचत राहिले. मला एकही आकडा दिसत नव्हता.

तेवढ्यात माझा फोन वाजला. नवऱ्याचा होता. स्क्रीनवर आमच्या मुलीचा फोटो आला, दोन वेण्या, पुढचे दात पडलेले. मी फोन कट केला, पण फोटो काही वेळ तसाच राहिला. बाबा तिकडे बघत होता. मागच्या बसने जोरात हॉर्न दिला तेव्हा त्याने मान वळवली.

बऱ्याच वेळाने म्हणाला, "किती वर्षांची?"

"सहा होतील."

त्याने गिअर बदलला. "आता बघा, चढाला अजिबात ओढत नाही."

तिसऱ्या सिलिंडरला ठिणगी देणारी कॉइल गेलेली निघाली. मी कॉइल आणि प्लग बदलले, नवा कन्व्हर्टर बसवला. दोन दिवसांनी तो गाडी न्यायला आला, तेव्हा जुना डबा मी त्याच्या हातात दिला. त्याने तो तिरका केला तसे जाळीचे जळके तुकडे जमिनीवर पडले. तो तुकड्यांकडे बघत राहिला.

"एवढं तुटलं आत, आणि मला ऐकू नाही आलं."

"इंजिन चालू असताना नाही येत ऐकू," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. "येतो, मॅडम." आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "ह्यांची गाडी कधीची बिघडलेली, आता एकदम मस्त झाली."

"कोणी केली?"

"कोलशेतला कोणी बाई आहे म्हणे. का गं?"

"काही नाही. सहज."

मी आईला सांगितलं नाही. बाबानेच सांगितलं नव्हतं, तर मी कशी सांगू? त्या संध्याकाळी नवऱ्याला सांगायला गेले तेही रडण्यामुळे नीट जमलं नाही.

सहा महिन्यांनी बाबाला सर्व्हिसिंगचा मेसेज मी स्वतः टाकला. तो आला नाही. दिवाळीनंतर कळलं, ट्रक विकून दोघं गावी गेलेत, कायमचे. तिथे बाबा दिवसभर घरीच असतो, त्यामुळे आईचा फोन महिन्या-दोन महिन्यांतून एकदा येतो. त्यातही ती घाईत असते.

केबिनमध्ये आम्ही तासभर एकमेकांशेजारी बसलो होतो. तो वाळला होता, शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल पडली होती, आणि ते मला त्याने किल्ली पुढे धरली तेव्हाच दिसलं होतं. त्याने निदान माझ्या मुलीचं वय विचारलं. मी त्याला गाडी कधीपासून थरथरते ते विचारलं, तू कसा आहेस ते नाही विचारलं.