खुंटी तीस पावलं खाली

तलावाची पाहणी करायला संस्थेची माणसं आली, तवा पहिल्या दिवशी मी त्यांचा चहा घेतला न्हाई. घरून पिऊन आलो म्हणालो. प्यायलो नव्हतो. पण माझ्या बापानं एकदा अशाच लोकांसोबत चहा घेतला होता आणि त्याची दोन एकर जमीन तलावात गेली.

ते सांगितल्याबिगर पुढचं कळायचं न्हाई. तलावाची भिंत वाढवायची म्हणून तवा साहेब लोक आल्ते. गोड बोलले. बापाला म्हणाले, पाणी जास्तीत जास्त कुठवर येतं ते तुम्हीच दाखवा, तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? बापाला खोटं जमत नव्हतं. त्यानं बराबर जागा दाखवली. तिथं त्यांनी दगड रोवला, आणि दगडाच्या आतलं सगळं सरकारचं झालं. जाताना तोंडी सांगून गेले, पाणी उतरलं की पेरत जा, कोणी अडवणार न्हाई.

तवापासून दिवाळीनंतर पाणी मागं सरकलं की उघड्या पडलेल्या ओल्या गाळात आम्ही हरभरा टाकतो. याला गाळपेर म्हणतात. नांगरट न्हाई, खत न्हाई, पाणी द्यायचं न्हाई. पट्टी अर्ध्या एकराचीच आहे, पण तसा हरभरा साऱ्या शिवारात होत न्हाई, हे मी कोणाच्याबी तोंडावर सांगतो. कागद मात्र एकबी न्हाई.

संस्थेच्या मॅडम तरण्या होत्या, पण बोलायला पक्क्या. त्यांचं म्हणणं असं की मागं पोकलेन लावून तलावाचा काठ उभा कापला, त्यामुळं उथळ पाण्यातलं पाणकणीस गेलं, लव्हाळा गेला, पाखरं गेली, आणि खालच्या विहिरी जल्दी आटायला लागल्या. उरल्या जागेत बेशरमीच्या झुडपांचं रान माजलं. ते काढायचं, काठ पुन्हा उतरता करायचा, पाणथळ होती तशी करायची. आणि हे सगळं गावाला विचारून. गावाला विचारून, असं त्या चार-चारदा म्हणाल्या. एकदा म्हणाल्या असत्या तर मी कदाचित मानलं असतं.

मंग त्यांनी आम्हा म्हाताऱ्यांच्या हातात बांबूच्या खुंट्या दिल्या. वर लाल चिंधी बांधलेली.

"आजोबा, पावसाळ्यात पाणी जिथपर्यंत येतं तिथं ही ठोका," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही सगळ्यात वयानं मोठे, तुम्ही आधी."

तोच सवाल. बापाला विचारलेला. मी मनाशी म्हणालो, बापानं खरं सांगून गमावलं, मी काही तेवढा भोळा न्हाई, माझी पट्टी रेषेबाहेरच ठेवतो. खुंटी घेऊन तडक माझ्या पट्टीच्या खालच्या अंगाला गेलो, खऱ्या जागेपासून तीस पावलं खाली, आणि तिथं ठोकली.

"इथं? यापुढं कधीच नाही?"

"कधीच न्हाई. वरचं समदं ठणठणीत कोरडं."

त्यांनी वहीत लिहून घेतलं. माझ्या मागं बाकीच्या म्हाताऱ्यांनीबी माझ्या रांगेतच खुंट्या ठोकल्या. त्यात तलावात जाळं टाकणारा माझा जुना सोबती होता. श्रावणात त्याची जाळी माझ्या पट्टीवरच लागलेली असतात. त्यानं माझ्याकडं पाहिलं, खुंटीकडं पाहिलं, आणि गुपचूप माझ्या शेजारी ठोकली. घरी येताना मला म्हणाला, "बाप्पा, मी मंग एवढे दिवस मासे कोरड्यात धरून राह्यलो का?"

महिन्याभरानं ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठा नकाशा लागला. निळं पाणी, हिरवी पाणथळ. सूनबाई पाहून आली.

"मामा, आपल्या पट्टीवर तपकिरी रंग दिलाय. 'कोरडी जागा, नाल्यातला गाळ व काढलेली झुडपं टाकणे', असं लिवलंय."

"कोणी लिवलं?"

"तुम्हीच सांगितलं म्हणत्यात ते. तिथं पाणी येत न्हाई म्हणून."

मी स्वतः जाऊन पाहिलं. चष्मा पुसून दोनदा पाहिलं. माझ्या हरभऱ्यावर डोंगर रचणार होते. मला वाटलं, या बाईला माझं खोटं पहिल्याच दिवशी कळलं असणार, आणि तिनं मुद्दाम हे केलं. सोबत्यावरबी संशय आला, यानंच कान भरले. त्याच्या घरी जाऊन विचारलं तर तो जाळं शिवत बसला होता.

"मला काय पडलंय," तो म्हणाला. "सांगायचं असतं तर तिथंच सांगितलं असतं. तुझी खुंटी होती म्हणून मी माझी ठोकली. आता तूच उपट."

ग्रामसभेत नकाशा मंजूर व्हायचा होता. मी सहसा सभेत मागं भिंतीला टेकून बसतो. त्या दिवशी पुढं बसलो, पण उठवेना. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं भर सभेत मी खोटं बोललो म्हणायचं, आणि खाली बसायचं. मॅडमनी विचारलं, कोणाला काही सांगायचंय का? मंजूर असं म्हणायला सरपंचांनी तोंड उघडलं, तवा उठलो.

"त्या पट्टीवर पाणी येतं. गुडघाभर. दर साल."

"पण आजोबा, खुंटी तर तुम्हीच..."

"ठोकली मी. खोटी ठोकली. तुमच्यावर भरवसा नव्हता."

कोणीतरी हसलं. सोबती मागून म्हणाला, "कंबरभर येतं. त्याला अजूनबी कमीच सांगायची सवय."

मंग सगळेच हसले. मॅडम मात्र रागावल्या न्हाईत. त्यांनी माझ्यावर ओरडायला हवं होतं. न ओरडणाऱ्या माणसाची मला जास्त धास्ती वाटते. त्या म्हणाल्या, उद्या पुन्हा जाऊ, खरी जागा दाखवा. ढीग दुसरीकडं टाकू. पण मंग ही पट्टी पाणथळीत येईल.

"म्हणजे गेली."

"पाणी उतरल्यावर पेरा की. तुमचा हरभरा पाणथळीला नडत नाही. फक्त चर खोदून पाणी लवकर काढून द्यायचं नाही."

मी चर खोदतो हे त्यांना कोणी सांगितलं, ते मला आजवर कळलं न्हाई.

"लिहून द्या," मी म्हणालो. "तोंडी आम्हाला एकदा मिळालंय."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत खुंटी तीस पावलं वर नेली. पुढच्या सभेत ठराव आला. मी तिसरीपर्यंतच शिकलो, पण कोणाच्या वाचण्यावर सही करत न्हाई. बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. अख्खी सभा बसून राहिली, पोरीबाळी कंटाळून गेल्या. 'संबंधित शेतकऱ्यास पाणी उतरल्यावर पेरण्यास मुभा' असं होतं, त्यातले पहिले दोन शब्द खोडायला लावून माझं नाव घालायला लावलं. पण नाव घातलं, तसं त्याच्या वरचं वाक्यबी माझ्या नावाचं झालं: आधी पाणीपातळीची खूण खाली नमूद इसमाने चुकीची दाखवली होती, ती त्याने स्वतः दुरुस्त करून दिली.

"हे काढा," मी म्हणालो.

ग्रामसेवक म्हणाले, "काढता येणार नाही. नकाशा का बदलला ते लिहावंच लागतं. ते काढलं तर खालचंही काढावं लागेल."

खालची ओळ पुन्हा बोट ठेवून वाचली. कोणी घाई केली न्हाई. मंग सही केली. नेहमीपेक्षा मोठी केली, वाचणाऱ्याला शंका नको.

आमच्या घराण्याला त्या पट्टीचा पहिला कागद असा मिळाला. सूनबाई जालन्याला जाणार होती, तिला म्हणालो, चार झेरॉक्स काढून आण. तिनं कागद वरपासून वाचला.

"मामा, वरची ओळ झाकून काढू का? पाव्हण्यारावळ्यांना दाखवायला."

"नको," मी म्हणालो. "उद्या कोणी म्हणंल, कागद अर्धाच आहे."