पाडाला आलेली पोरगी

वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हा अकोटच्या शाळेत सूर्यभान मास्तर होते, म्हणून मी चार बुकं शिकले. हे मी उघड सांगते. उपकार मनात ठेवून कुजवायचे नसतात.

मास्तर गणिताला मार्क देत नसत. पाटीवर लिहीत कच्चं, पाड, नाहीतर पिकलं. पाड म्हणजे झाडावरच पिकायला लागलेलं फळ. 'पाड' मिळाला की पाटी पुसायची नाही, चूक शोधायची. गणित दुसऱ्याला समजावता आलं तरच 'पिकलं'. बाकीचे मास्तर हसत, "शाळा आहे का आंब्याची वखार?"

चौथीच्या परीक्षेला शाळा तपासणारे डिप्टी साहेब आले. त्यांना पाडबिड चालत नव्हतं. सहाशे अठराला सहानं भाग, म्हणाले. मी उत्तर लिहिलं तेरा. साहेबांनी पाटीकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे तेवढंही नाही, आणि नापास केलं.

बाबांनी आधीच बजावलं होतं, नापास झाली की शाळा बंद. आमची माळ्याची वाडी, हात कमीच पडायचे. दुसऱ्या दिवशी ते मला न्यायलाच आले. मास्तर आडवे आले.

"नत्थुजी, पोरगी पाडाले आली. पाडाचा आंबा तुमी फेकता का?"

"फेकत नाई. अढीत घालतो."

"मंग चार दिवस द्या मले."

मास्तरांनी भागाकार पुन्हा शिकवलाच नाही. एवढंच विचारलं, "सुभद्रे, सहाशे अठरा आंबे, सहा पाट्या. एका पाटीत तेराच? बाकीचे कोनं खाल्ले?"

मला हसू फुटलं. मग राग आला, स्वतःचाच. पाटी घेऊन बसले. एकाला सहाचा भाग जात नाही, तिथे शून्य मांडायचं सोडून मी पुढेच पळत होते. एकशे तीन! धाकट्या बहिणीला, जमुनाला समजावलं, तेव्हा तर पक्कंच झालं.

चार दिवसांनी बाबा आले. "झाली का पास?"

"तिलेच इचारा," मास्तर म्हणाले.

"नापासच आहो, बाबा. पन मले आता येते."

"सांग बरं मले."

मी सांगू लागले. बाबा तिथेच उकिडवे बसले. जन्मात लेखणी न धरलेल्या त्या माणसानं मी लिहिलेल्या एकापुढे वाकडं शून्य काढलं आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं.

"चौथीतच बस पुन्हा," ते म्हणाले. "पन शाळा सोडू नोको."

मास्तरांच्या पाया पडायचं मला सुचलंच नाही. बाबा पडले.